बोट सज्ज आहे. मोटार सज्ज आहे का?

पावसाळा जवळ आला की नदीकाठच्या तालुक्यांत पूर्वतयारीच्या बैठका सुरू होतात. स्थलांतराची ठिकाणे ठरतात, धान्य आणि औषधे यांची व्यवस्था पाहिली जाते, पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या याद्या तयार होतात आणि साहित्याच्या तक्त्यात एक ओळ लिहिली जाते : ‘यांत्रिक बोट – १, सुस्थितीत.’ ही ओळ लिहिण्यापूर्वी बोट पाहिलेली असते. ती फाटलेली नसते, वल्ही जागेवर असतात, जीवरक्षक जाकिटे मोजलेली असतात. परंतु बोटीच्या मागे लावावयाची मोटार गेल्या पावसाळ्यानंतर एकदा तरी सुरू करून पाहिली होती काय, हा रकाना मात्र त्या तक्त्यात बहुधा नसतो.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याला या प्रश्नाचे गांभीर्य शिकविले आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात कोकणात वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड वेढले, तेव्हाही तोच अनुभव आला. मोठ्या पुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धावून येतात. परंतु ती पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाला स्वतःच्या बळावर काढावे लागतात. त्या तासांत गावाची बोट चालली पाहिजे आणि बोट चालण्यासाठी मोटार सुरू झाली पाहिजे.

लहान मोटारी सुरू न होण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी सर्वांत जास्त वेळा आढळणारी आणि थोड्या माहितीने टाळता येण्यासारखी दोन कारणे म्हणजे कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ओसंडणे आणि मोटारीपर्यंत पेट्रोल नीट न पोहोचणे. या दोहोंचा खुलासा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, यंत्रज्ञ नव्हे. परंतु हा विषय समजण्यास यंत्रज्ञ असण्याची गरज नाही, हेच त्याला अनुभवाने पटले आहे.

एक अनुभव

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील ही गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावात माहिती संकलनासाठी जाणे झाले होते. पाणी वेशीच्या आत आले होते आणि मळ्यातील एका वस्तीवर दम्याचा विकार असलेल्या एक वृद्ध बाई अडकल्या होत्या. बोट पाण्यात उतरविण्यात आली. उत्साही तरुण मंडळींनी मोटार बसविली, चोक ओढला आणि दोरी ओढण्यास सुरुवात केली. मोटार दाद देईना, तसा एकाने नळीवरील रबरी फुगा दाबण्याचा सपाटा लावला. थोड्याच वेळात मोटारीखालच्या पाण्यावर पेट्रोलचे सप्तरंगी तवंग दिसू लागले. एक दमला की दुसरा दोरी हाती घेई. वीस-पंचवीस हिसके झाले, तरी मोटार मुकीच.

तेवढ्यात गावातील शेतीपंप दुरुस्त करणारे एक वयस्कर फिटर तेथे आले. त्यांनी फुगा दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, “आता हात लावू नगासा. लई पाजलंय तिला. पोट फुगलंय. जरा दम खाऊ द्या.”

त्यांनी नळी काढली, चोक आत ढकलला, प्लग काढून पुसला आणि मोटारीला विसावा दिला. मधल्या काळात दोघा तरुणांनी वल्ही मारून बोट वस्तीकडे नेली. बाई सुखरूप आल्या. मोटार सुरू होण्यास सुमारे अर्धा तास लागला. पाणी त्या दिवशी सावकाश चढत होते, म्हणून हा अर्धा तास निभावला. तो नेहमीच निभावेल, याची हमी कोण देणार?

नंतर चौकशी करता समजले, की टाकीतील पेट्रोल मागील वर्षीचे होते.

ही मोटार असते तरी कशी?

नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकविता येणारी ही मोटार ‘आऊटबोर्ड मोटार’ या नावाने ओळखली जाते. मूळचा नॉर्वेचा असलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ साली अशा मोटारींचा यशस्वी व्यवसाय सुरू केला. वर इंजिन, मधे उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, ही तिची रचना आजही कायम आहे. कोकण किनाऱ्यावरील लहान होड्यांपासून पूरबचावाच्या रबरी बोटींपर्यंत ती सर्वत्र दिसते.

लहान मोटारी दोन प्रकारच्या असतात. टू-स्ट्रोक मोटारीत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे प्रमाण पुष्कळ मोटारींना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असे असते. फोर-स्ट्रोक मोटारीत तेल वेगळे असते आणि टाकीत निव्वळ पेट्रोल घालतात. आपली मोटार कोणत्या प्रकारची आहे व तिचे प्रमाण काय, हे तिच्या माहितीपुस्तिकेतून पाहून टाकीवर रंगाने लिहून ठेवावे. ऐन वेळी कोणाच्या आठवणीवर विसंबू नये.

टाकीपासून सिलिंडरपर्यंत

पेट्रोलची वाट एकदा डोळ्यांसमोर आली की निम्मे काम झाले. बोटीच्या तळाशी सुटी टाकी असते. तिच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक लहान स्क्रू असतो. टाकीतून निघालेल्या नळीच्या मधे अंड्याच्या आकाराचा रबरी फुगा असतो. नळीचे दुसरे टोक मोटारीला खटक्याने जोडलेले असते. पुढे गाळणी, त्यापुढे इंजिनच्याच दाबावर हलणाऱ्या पातळ पडद्याचा पंप आणि शेवटी कार्बुरेटर.

कार्बुरेटरचे काम पेट्रोलचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळण्याचे. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल नीट जळण्यास सुमारे पंधरा भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी कार्बुरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी नेहमी सारखी असावी लागते. ती राखण्याची युक्ती आपल्या घरोघरी आणि शाळेच्या गच्चीवर असते. पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो. पाणी वर आले की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बुरेटरच्या वाटीत असाच एक लहान ‘फ्लोट’ तरंगतो. पेट्रोल पुरेसे झाले की तो वर उचलला जातो आणि टोकदार सुई वरच्या छिद्रात बसवून पेट्रोलचा मार्ग बंद करतो. पेट्रोल खर्च झाले की फ्लोट उतरतो, सुई सुटते, पेट्रोल पुन्हा येते.

चोक ही एक झडप आहे. थंड इंजिनमध्ये पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून सुरुवातीला हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवावे लागते. चोक ओढल्याने हेच घडते. चोक ही सुरुवातीच्या काही क्षणांची गरज आहे, मोटार सुरू करण्याचे सर्वकाळचे साधन नव्हे.

प्रायमिंग म्हणजे काय?

नदीवरून शेतीला पाणी नेणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. पंप आणि नळ यांत हवा शिरली असेल, तर पंप नुसताच फिरतो, पाणी खेचत नाही. म्हणून तो आधी वरून पाणी ओतून नळ भरून घेतो आणि फूटव्हॉल्व्ह ते पाणी धरून ठेवतो. बोटीच्या मोटारीवरील रबरी फुगा हेच काम करतो. फुग्याच्या दोन्ही टोकांना पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात. फुगा दाबला की पेट्रोल मोटारीकडे जाते, सोडला की टाकीतून नवे पेट्रोल फुग्यात येते.

प्रायमिंग करण्याची योग्य रीत अशी : मोटार उभ्या स्थितीत असावी. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू सैल करावा. फुग्यावर बाण असतो; तो मोटारीच्या दिशेने आहे, याची खात्री करावी. फुगा हातात उभा, बाणाचे टोक वर येईल असा धरावा, म्हणजे आतील झडपा नीट बसतात. मग सावकाश दाबत राहावे. आरंभी फुगा मऊ लागतो. नळी आणि कार्बुरेटरची वाटी भरत आली की तो कडक होतो. कडक झाला की थांबावे. ‘थोडे आणखी’ हा मोह येथे नडतो. चालू मोटारीवर एरवी फुगा दाबण्याची गरज नसते. ते काम आता पंपाचे असते.

पेट्रोल का ओसंडते?

फिटर मंडळी ज्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात, तो प्रकार दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा माणसाच्या हातून घडते, दुसरी यंत्राच्या दोषाने.

माणसाच्या हातून घडणाऱ्या प्रकारात मोटार चांगलीच असते. चोक ओढून पुन्हा पुन्हा दोरी ओढली, की दर हिसक्याला जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमध्ये जाते. स्पार्क प्लगचे टोक ओले होते आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. ठिणगी नाही म्हणून मोटार सुरू होत नाही, सुरू होत नाही म्हणून आणखी हिसके, आणि आणखी हिसक्यांनी आणखी पेट्रोल, असे हे दुष्टचक्र आहे. त्याचा उगम कित्येकदा अगदी क्षुल्लक चुकीत असतो. चालक पाण्यात पडला तर मोटार बंद व्हावी म्हणून तिला एक सुरक्षा दोरी असते. तिची चाप जागेवर नसेल तर बहुतेक मोटारींत ठिणगीच पडत नाही. चाप लावण्याचे विसरून दहा हिसके दिले, तर निर्दोष मोटारही पेट्रोलने न्हाऊन निघते. म्हणून दोरीला हात घालण्यापूर्वी सुरक्षा चाप, गिअर आणि हवेचा स्क्रू या तीन गोष्टी पाहाव्यात : चाप जागेवर, गिअर न्यूट्रलमध्ये, स्क्रू सैल.

यंत्राच्या दोषाने होणाऱ्या प्रकारात सुई छिद्र बंद करू शकत नाही. सुई आणि तिची बैठक यांच्यामध्ये कचऱ्याचा कण अडकलेला असतो. शिळ्या पेट्रोलचा चिकट राप बसून फ्लोट अडकलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने सुईचे टोक झिजलेले असते. किंवा फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरलेले असते. जड झालेला फ्लोट तरंगत नाही आणि न तरंगणारा फ्लोट सुई उचलत नाही. गच्चीवरील टाकीतील चेंडू फुटला की पाणी रात्रभर वाहते, तोच हा न्याय.

याशिवाय दोन कारणे हाताळणीतील आहेत. मोटार तिरपी उचललेली असताना फुगा दाबला, तर फ्लोट आपल्या जागी तरंगत नाही आणि पेट्रोल बाहेर येते. दुसरे, हवेचा स्क्रू बंद करून टाकी उन्हात ठेवली आणि नळी मोटारीला जोडलेलीच राहिली, तर उष्णतेने टाकीत दाब वाढतो आणि तो पेट्रोलला सुईपलीकडे ढकलतो. बोट किनाऱ्याला लागली की नळी मोटारीपासून काढून ठेवावी, हा नियम यासाठीच आहे.

फुगा काय सांगतो?

वैद्य जसा नाडीवरून अनुमान करतो, तसे जाणता चालक फुग्यावरून मोटारीची प्रकृती ओळखतो.

फुगा कडक होतो आणि कडकच राहतो : पेट्रोल वाटीपर्यंत पोहोचले आहे आणि सुई काम करीत आहे, असे समजावे. तरीही मोटार सुरू होत नसेल तर ठिणगी, चोक किंवा कार्बुरेटरमधील बारीक छिद्रे यांकडे पाहावे. फुगा आणखी दाबून काही साधणार नाही. सुई राप बसून बंद स्थितीत चिकटली असेल तरीही फुगा कडकच लागतो. तेव्हा वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल येते की नाही, हे पाहावे.

फुगा कडक होतच नाही आणि मोटारीच्या तोंडातून पेट्रोल ठिबकते : सुई बंद होत नाही. झाकण काढून कार्बुरेटरच्या वाटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारावी. अडकलेला फ्लोट कित्येकदा एवढ्याने सुटतो. वाटीच्या तळाशी असलेला स्क्रू सैल करून, खाली भांडे धरून, फुगा दोन-तीनदा दाबावा, म्हणजे पेट्रोलबरोबर कचरा वाहून जातो.

फुगा कडक होत नाही आणि पेट्रोल कोठे ठिबकतही नाही : नळी कोठेतरी हवा धरते आहे. खटक्यातील रबरी कडी झिजली आहे काय, नळीला चीर आहे काय, टाकीत पेट्रोल पुरेसे आहे काय, हे पाहावे. फुग्यातील झडपाही खराब होऊ शकतात.

मोटार चालता चालता फुगा चपटा होतो आणि मोटार धापा टाकून थांबते : हवेचा स्क्रू बंद राहिला आहे किंवा टाकीच्या बाजूची वाट तुंबली आहे. पेट्रोल कमी झाले, पण त्याची जागा घेण्यास हवा आत आली नाही. स्क्रू सैल करताच मोटार पूर्ववत होते. भर प्रवाहात मोटार बंद पडण्याचे हे अगदी साधे आणि अगदी वारंवार घडणारे कारण आहे.

मोटार मंदावते, पण फुगा दाबला की पुन्हा जोर धरते : पंपाचा पडदा निकामी होत आला आहे, अशी शंका घ्यावी. अशा वेळी एकाने फुगा दाबत राहून किनारा गाठता येतो. परंतु दुरुस्तीशिवाय ती मोटार पुन्हा पाण्यात नेऊ नये.

ओसंडलेली मोटार कशी सुरू करावी?

प्रथम दोरी ओढणे थांबवावे. दुसरे, कोणाच्याही हातात बिडी-सिगारेट किंवा पेटता कंदील नाही, हे पाहावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. सांडलेले पेट्रोल फडक्याने टिपून घ्यावे आणि बोटीत वारा खेळू द्यावा.

मग नळी मोटारीपासून सोडवावी आणि चोक पूर्णपणे आत ढकलावा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची पुन्हा खात्री करून, मूठ जेवढी उघडेल तेवढी उघडावी. यामुळे हवा भरपूर आणि पेट्रोल कमी, अशी स्थिती होते. सुरक्षा चाप लावून आठ-दहा वेळा दोरी ओढावी. मोटार एकदम जोरात सुरू होण्याचा संभव असल्यामुळे मूठ ताबडतोब कमी करण्यास हात तयार ठेवावा. ती स्थिर चालू लागली की नळी जोडावी.

एवढ्याने काम झाले नाही, तर प्लग काढावा लागतो. त्यापूर्वी सुरक्षा चाप काढून टाकावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावा. प्लगच्या छिद्रापासून तोंड दूर ठेवून दोरी सात-आठ वेळा सावकाश ओढावी. साचलेले पेट्रोल तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. दहा-पंधरा मिनिटे मोटारीला विसावा द्यावा, प्लग बसवावा, वायरीची टोपी घट्ट लावावी, चाप लावावी आणि चोक न ओढता मोटार सुरू करावी. दोन कोरडे, नवे प्लग आणि प्लगचा पाना मोटारीबरोबर पिशवीत असतील, तर हे काम निम्म्या वेळात होते.

फोर-स्ट्रोक मोटारीत एक जादा दक्षता घ्यावी. ओसंडलेले पेट्रोल सिलिंडरमधून खालच्या वंगणात उतरते आणि तेल पातळ होते. तेलाची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली दिसली किंवा तेलाला पेट्रोलचा वास आला, तर तेल बदलल्याखेरीज मोटार चालवू नये.

कार्बुरेटरची बारीक छिद्रे तारेने टोकरू नयेत. ती मोठी होतात आणि मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. सुईचे टोक घासून नीट करण्याचाही प्रयत्न करू नये. ही कामे कारागिराची आहेत. आपले काम दोष ओळखण्याचे आणि तो वेळेवर कारागिराकडे पोहोचविण्याचे.

शिळे पेट्रोल : रोगाचे मूळ

वर सांगितलेल्या बहुतेक दोषांची मुळे शोधीत गेले, तर ती शिळ्या पेट्रोलपाशी येऊन थांबतात. पेट्रोलमधील हलका भाग हळूहळू उडून जातो. मागे राहतो तो जड भाग, ज्याची थंडपणी वाफ होत नाही. कार्बुरेटरच्या वाटीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल आटून चिकट राप धरते. तोच राप सुईवर, फ्लोटवर आणि छिद्रांत बसतो.

आज यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवीत २०२५ साली ते २० टक्क्यांपर्यंत आणण्यात आले. हे इथेनॉल धान्यापासून, तसेच कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला परिचित असलेल्या उसापासून होते. इंधनाची आयात कमी करण्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आहेच. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा गुणधर्म साठवण करताना विसरता येत नाही. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि मोटारीची नळी पेट्रोल घेते ती तळाकडूनच! जुन्या मोटारींतील काही रबरी भागही अशा पेट्रोलने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून जुन्या मोटारीच्या नळ्या, कड्या आणि पंपाचा पडदा दरवर्षी मेपूर्वी तपासून घेणे अगत्याचे आहे.

उपाय अगदी सोपा आहे. मोटार ठेवून देण्यापूर्वी ती चालू असतानाच नळी काढावी, म्हणजे वाटीतील पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. नंतर वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढून टाकावेत. टाकीतील पेट्रोल महिना-दोन महिन्यांहून अधिक ठेवू नये. तेल मिसळलेले ताजे उरलेले पेट्रोल गावातील टू-स्ट्रोक फवारणी यंत्र किंवा गवत कापणी यंत्र यांना, त्यांचे प्रमाण पाहून, वापरता येते. मोटार ठेवताना ती शक्यतो उभ्या घोडीवर ठेवावी. आडवी ठेवणे भागच असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच ठेवावी.

ग्रामपंचायतीने काय करावे?

मोटारीची निगा हा खर्चाचा नव्हे, शिस्तीचा प्रश्न आहे. त्यासाठी पुढील व्यवस्था सुचवावीशी वाटते.

मोटारीची जबाबदारी नावानिशी दोघांवर सोपवावी. एक परगावी असला तरी दुसरा हजर असेल. एरवी दर महिन्याला आणि जून ते सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला मोटार पाच-दहा मिनिटे चालवावी. नदीवर जाणे शक्य नसेल तर घोडीवर लावून तिचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवावा. पाण्याबाहेर मोटार कधीही सुरू करू नये. थंड करणारे पाणी न मिळाल्याने तिचा पाण्याचा पंप क्षणात निकामी होतो. मोटार चालू असताना मागच्या छिद्रातून पाण्याची धार पडत आहे, हेही पाहावे.

एक साधी नोंदवही ठेवावी. तारीख, चालविणाऱ्याचे नाव, पेट्रोल भरल्याची तारीख आणि ‘किती हिसक्यांत सुरू झाली’, एवढे चार रकाने पुरेत. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दोन हिसक्यांत सुरू होणारी मोटार पुढच्या महिन्यात पाच आणि त्यानंतर नऊ हिसके घेऊ लागली, तर ती बिघाडाची पूर्वसूचना आहे. पुराच्या पाण्याला जशी पातळी असते, तशीच ही मोटारीची पातळी समजावी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे नदीकाठच्या लहान मुलालाही पाठ असतात. आपली मोटार किती हिसक्यांना सुरू होते, हा आकडा निदान सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ठाऊक असावा. पाणी इशारा पातळीला पोहोचण्याची वाट न पाहता, ते वाढू लागताच टाकीत ताजे पेट्रोल भरून मोटार एकदा सुरू करून पाहावी.

शिक्षकांनाही येथे करण्यासारखे आहे. विज्ञानाच्या तासाला काचेच्या भांड्यात पाणी आणि तरंगता चेंडू घेऊन फ्लोटचे कार्य दाखविता येईल. हा प्रयोग पाण्यानेच करावा, पेट्रोलने कदापि नव्हे. पूरग्रस्त गावातील मुलाला फ्लोट व सुई यांचे नाते शाळेत समजले, तर उद्या स्वयंसेवक म्हणून बोटीवर उभा राहताना तो फुगा विनाकारण दाबणार नाही.

आणि सर्वांत शेवटी : मोटार कितीही चांगली असली तरी वल्ही बोटीत असलीच पाहिजेत.

रोज चालणारे यंत्र

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतील भागात आणल्या आणि हजारो माणसांना सुखरूप बाहेर काढले. त्यांच्या धैर्याची देशभर प्रशंसा झाली. धैर्याइतकीच त्यांची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांची मोटार नेहमी समुद्रावर चालणारी होती. तिच्यातील इंधन ताजे होते, तिचा फुगा कोणत्या क्षणी कडक होतो हे हाताला माहीत होते आणि ती किती चोक मागते, हे चालकाला विचारावे लागत नव्हते.

आपल्या नदीकाठच्या गावातील मोटार रोज चालणार नाही, हे उघड आहे. पण आठवड्याची पाच-दहा मिनिटे, ताजे पेट्रोल, कडक झाल्यावर थांबणारा हात आणि चार रकान्यांची नोंदवही, एवढे आपल्या आवाक्यात निश्चित आहे. ते झाले, तर पुढील तक्त्यात ‘यांत्रिक बोट – १, सुस्थितीत’ ही ओळ लिहिताना लेखणी अडखळणार नाही, आणि पाण्याने वेढलेल्या वस्तीवर वाट पाहणाऱ्या माणसाला मोटारीचा आवाज वेळेवर ऐकू येईल.